आतल्या बाजूच्या तीन ओंब्या

रविवारचा सामना ज्याचा चुकला असेल, त्याने सोमवारी सकाळी मिस आदिना फिप्सच्या अंगणात यावं. भट्टीवाल्यांच्या बेसबॉल संघाचे झाडून सगळे कपडे तिथे टबात भिजत पडलेले असत आणि मिस आदिना एकेक कपडा वर काढून सामना सांगत. "हा सहा नंबर बघ. गुडघे कसे नवरीसारखे स्वच्छ! दुसऱ्या बेसवर घसरायची वेळ आली तेव्हा महाराज उभेच राहिले. आणि हा आपला पिचर. पाठीला घाम नाही. तिसऱ्या डावातच हाकलला, दुसरं काय." सामना त्यांनी स्वतः बघितलेला असे, कपड्यांवरून ओळखायची त्यांना काही गरज नव्हती. पण एका संघाचे कपडे एकेचाळीस वर्षं धुतलेल्या बाईला एवढा तोरा शोभतो. वय ब्याऐंशी, अंगात हाडं आणि राग एवढंच शिल्लक.

संघावर त्यांचा जीव होता. फक्त एक गोष्ट त्यांना मुळीच खपत नसे. भट्टीवाले शेवटच्या डावात मागे पडले, की प्रेक्षकातले लोक डोक्यावरच्या टोप्या काढत, आतली बाजू बाहेर करून पुन्हा घालत आणि सामना फिरायची वाट बघत. आख्खं मैदान शिवणी आणि अस्तरं मिरवत बसे. "उलटा कपडा घालणं म्हणजे धुणारणीच्या तोंडावर थुंकणं," असं म्हणून मिस आदिना आपली गवती हॅट घट्ट धरून बसत. संघ हरला तरी हॅट सरळच.

हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या बुधवारी क्लबचा अध्यक्ष प्लिनिओ एक कागदी पुडकं छातीशी धरून त्यांच्याकडे आला. प्लिनिओ भला माणूस होता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तो तसा दिसणार नाही.

"मिस आदिना, हे दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची माझी छाती नाही. आपल्या संघाचा पहिला शर्ट! एकोणीसशे छत्तीसचा. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली आपण जुन्या वस्तूंची खोली करतोय ना, तिथे काचेत ठेवायचाय. जरा इस्त्री फिरवून द्या."

"छत्तीसचा शर्ट? तो कुठून उगवला?"

"मोंताल्बान साहेबांच्या घरातल्या पेटाऱ्यातून. त्यांचे नातू ऊगो साहेब रविवारी आपल्याला देणार आहेत. आणि तो तुम्हीच ताटातून घेऊन यायचाय. सगळ्यात जुन्या प्रेक्षक म्हणून."

"मोंताल्बानच्या पेटाऱ्यातून. हं." मिस आदिनांनी ओले हात एप्रनला पुसले. "आणि खाली पाटी काय लावणार?"

प्लिनिओने खिशातून कागद काढला आणि घसा खाकरून वाचला, "संघाचा पहिला गणवेश. कारखान्याचे व्यवस्थापक, खेळाडूंचे आश्रयदाते आणि संघाचे संस्थापक सेन्योर मोंताल्बान यांची भेट."

मिस आदिना काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत म्हणजे पळावं, हे वस्तीतल्या कुत्र्यालाही कळत असे, पण प्लिनिओला कळलं नाही. तो लिंबू घातलेलं थंड सरबत पिऊन, आभार मानून गेला.

या मोंताल्बानने संघाला काय भेट दिली ते आता ऐका.

आदिनाचे वडील जोसाया फिप्स नेव्हिस बेटावरून शिडाच्या गलबतातून इथे आले, साखर कारखान्याच्या भट्टीत उसाचा चोथा लोटायला. बेटांवरून आलेले असे शंभरेक लोक वस्तीत होते आणि रविवारी ते क्रिकेट खेळत. खेळपट्टी त्यांनी हातांनी चोपून केली होती. एका वर्षी गळीत हंगाम संपल्यावर हे लोक मैदानावर गेले, तर तिथे ऊस लावलेला. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. उरलं फक्त ऑफिसातल्या कारकुनांचं बेसबॉलचं मैदान. मग भट्टीवाले बेसबॉल शिकले. पेरूच्या फांदीची बॅट, जुन्या मोज्यात सुतळी गुंडाळून केलेला चेंडू, आणि कारखाना बंद असतानाचे ते लांबच लांब भुकेचे महिने. जोसायाचे सगळ्यात हाल झाले. कोपर वाकवून चेंडू टाकणं म्हणजे लबाडी, हे त्याच्या हाडात मुरलेलं, आणि इथे सगळे ओरडत होते, "वाकव बाबा, वाकव, इथे तेच पुण्य!" त्याने कोपर वाकवलं, पण खांदा काही ऐकेना. हात तसाच डोक्यावरून गरगरा फिरे आणि चेंडू बॅटपाशी येऊन धपकन खाली बसे. कारकुनांना तो चेंडू कधी कळलाच नाही.

भट्टीवाल्यांनी कारकुनांना सामन्याचं आव्हान दिलं, तेव्हा मोंताल्बान साहेबांनी निरोप पाठवला: गणवेश नसेल तर कारखान्याच्या मैदानावर पाय ठेवायचा नाही. सामना तीन दिवसांवर. ज्यांच्या अंगावर कामाचा एक आणि चर्चचा एक असा कपडा, त्यांना गणवेश मागितला. खेळायलाच येऊ नयेत म्हणून मागितला, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

जोसायाची बायको केझाया साहेबलोकांच्या बंगल्यांचे कपडे धुवायची. ती वस्तीतल्या बेकरीवाल्या तोबायसकडे गेली आणि पिठाच्या अठरा रिकाम्या गोण्या मागून आणल्या. सुती, मऊ गोण्या. त्यांच्यावर निळ्या शाईत तीन ओंब्या छापलेल्या. ती शाई काढायची तर आधी डुकराची चरबी चोळायची, मग राखेच्या पाण्यात उकळायचं, मग आठवडाभर उन्हात. केझायाकडे आठवडा नव्हता. उकळून, घासून शाई फिकी झाली, पण गेली नाही. म्हणून तिने छापाची बाजू आत घेऊन शर्ट शिवले. नंबर कापले ते स्वतःच्या चर्चला जायच्या लाल परकरातून. नवऱ्याच्या शर्टाच्या उजव्या काखेत तिने तिकोनी जास्तीचा तुकडा बसवला, त्याचा तो हट्टी हात मोकळा फिरावा म्हणून. सहा वर्षांची आदिना सुईत दोरा ओवून देत होती.

भट्टीवाल्यांनी तो सामना चार-एकने जिंकला. आदिना उसाच्या गाडीवर उभी राहून बघत होती. आई तिच्या शेजारी होती आणि सगळा वेळ सामना न बघता शर्टच बघत होती, कुठे उसवत तर नाही ना म्हणून.

मंगळवारी कारखान्याचे पहारेकरी आले. नऊच्या नऊ शर्ट त्यांनी गोळा केले. मोंताल्बान साहेबांचं म्हणणं असं, की कारखान्याच्या दुकानातून पिठाच्या रिकाम्या गोण्या चोरीला गेल्यात आणि हा त्याचा पुरावा. केझाया म्हणाली, "साहेब, आतून बघा. दुकानाच्या गोणीवर निळं जहाज असतं. ह्या तोबायसच्या गोण्या आहेत, ह्यांच्यावर ओंब्या आहेत. एकच शर्ट उलटून बघा." साहेबांनी उलटला नाही. एक शर्ट उलटायला किती वेळ लागतो? चहात साखर ढवळायला लागतो त्यापेक्षा कमी. पण उलटला असता तर चार-एकचा सूड कसा उगवला असता? आणि तोबायस? कारखान्याचं दुकान त्याचा पाव घ्यायचं. तो मूग गिळून बसला.

केझायाला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. बंगल्यांचे कपडे गेले. त्यानंतर ती बंदरापर्यंत चालत जाऊन खलाशांचे कपडे धुऊ लागली, आणि तिला नाव पडलं पोतीचोर केझाया. शाळेत आदिनाच्या मागे पोरं नाचायची, "पोतीचोराची पोर! पोतीचोराची पोर!" तिने दोघांचे दात पाडले, पण नाव काही पडलं नाही.

हे सगळं मिस आदिना एक वेळ पचवून गेल्या असत्या. साहेब तो साहेब, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा काय? पण पुढे जे झालं ते आपल्याच लोकांनी केलं. संघ वाढला, बनियनवर खेळला, मग खऱ्या गणवेशात खेळला, आणि जसजसा मोठा झाला तसतशी त्याच्या जन्माची ही कथा लोकांना गोड वाटू लागली. "आमचा संघ चोरीच्या पोत्यातून जन्मला!" असं सांगून लोक टाळ्या देत. केझायाचं नाव प्रेमाने घेत, हसत घेत, आणि दर वेळी तिला चोर ठरवत. बाई जिवंत होती. अंगणात कपडे घासता घासता मैदानावरच्या ओरड्यावरून धावा मोजत होती. त्या दिवसानंतर मैदानात तिने पाऊल टाकलं नाही. कुणी तो विनोद केला की एवढंच म्हणायची, "आतून बघा म्हणावं." पण बघायला शर्ट कुठे होते?

एकाहत्तर साली ती गेली. त्याच हंगामात आदिनाने क्लबला सांगितलं, संघाचे कपडे यापुढे मी धुणार. लोकांना वाटलं संघावरचं प्रेम. प्रेम होतंच. पण फिप्सांच्या घरातून एक मोजासुद्धा कधी हरवत नाही, हेही त्यांना सगळ्यांना दाखवायचं होतं, आणि ते त्यांनी एकेचाळीस वर्षं दाखवलं.

तर बुधवारी दुपारी मिस आदिनांनी तो शर्ट पाण्याचा हात फिरवून ओलसर केला, साबुदाण्यासारख्या पांढऱ्या युका कंदाच्या खळीचा हलका शिपका दिला आणि इस्त्रीला घेतला. सुती कपडा आधी आतून दाबायचा, मग बाहेरून, हे आईने शिकवलेलं. हाताने सवयीनेच शर्ट उलटला.

पाठीच्या आतल्या बाजूला, लाल तीन नंबरच्या टाक्यांच्या मध्ये, तीन ओंब्या होत्या. फिक्या, पाण्यात पडलेल्या सावलीएवढ्या, पण एकेक दाणा मोजावा अशा. मग त्यांनी उजवी काख बघितली. तिकोनी तुकडा जागच्या जागी होता. वडिलांचा शर्ट.

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि पालथ्या टबावर बसल्या. रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संताप. म्हणजे त्या माणसाने माझ्या आईच्या अंगणातून पहाऱ्यात नेलेला माल शहात्तर वर्षं स्वतःच्या पेटाऱ्यात ठेवला, आणि आता त्याचा नातू तोच आम्हाला भेट देणार? आईने शिवलेला, आईच्या परकराचा, आईला चोर ठरवून हिसकावलेला! आणि मी तो ताटातून मिरवत आणायचा?

त्या तशाच क्लबात गेल्या. प्लिनिओने चष्मा लावून ओंब्या बघितल्या, काख बघितली, सगळं ऐकलं.

"पटलं, मिस आदिना. शंभर टक्के पटलं."

"मग पाटी बदल."

प्लिनिओने दार लोटून घेतलं. "ऊगो साहेब मैदानाला दिवे देताहेत. चार खांब. दिव्यांशिवाय आपल्याला संध्याकाळच्या स्पर्धेत कुणी घेत नाही, तुम्हाला माहितीये. आता त्यांच्या आजोबांचं असं काही काढलं तर... पुढच्या वर्षी बदलू ना. हळूच."

"हळूच?"

"म्हणजे गाजावाजा न करता."

"तिला चोर म्हणताना गाजावाजा केला होता, प्लिनिओ. आख्ख्या वस्तीच्या डोळ्यांदेखत दोन पहारेकरी घेऊन गेले तिला. आणि चोर नव्हती हे तू हळूच सांगणार? कुणाच्या कानात सांगणार, माझ्या? मला माहितीये रे ते!"

"रविवारपर्यंत तेवढं डोकं शांत ठेवा, मी हात जोडतो."

"हात नको जोडूस. हात खाली ठेव आणि लाज वाटते का बघ."

तिथून त्या भावाकडे गेल्या. क्लेतो त्यांच्याहून चार वर्षांनी लहान, पंधरा वर्षं भट्टीवाल्यांचा कॅचर, दोन्ही गुडघे संघाला वाहिलेले. चिंचेच्या झाडाखाली तो डॉमिनोच्या सोंगट्या मांडत एकटाच बसला होता. पोतीचोराचा विनोद वस्तीत सगळ्यात रंगवून कोण सांगत असेल, तर हाच. आईला नेलं तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याला आठवणार काय?

"बघ," म्हणत मिस आदिनांनी शर्ट त्याच्यापुढे धरला. "आतून बघ."

"चष्मा नाही आणला मी."

"खिशात आहे तुझ्या."

क्लेतोने सोंगट्या हलवल्या. "आदिना, आई जाऊन चाळीस वर्षं झाली. तिला आता काय फरक पडतो? दिवे आले तर पोरं संध्याकाळी खेळतील."

"आणि त्या दिव्यांखाली बसून तू तोच विनोद सांगशील."

"लोक प्रेमानं हसतात गं."

"प्रेमानं! उद्या तुझ्या बायकोला मी भर बाजारात प्रेमानं चोर म्हणते, मग ये मला सांगायला. चाळीस वर्षं तिनं तुझी धुणी धुतली, क्लेतो. तुला एकदा चष्मा लावायला जड जातंय?"

क्लेतो पुन्हा सोंगट्या जुळवू लागला. त्याने चष्मा लावला नाही. मिस आदिना शर्ट काखेत मारून घरी आल्या आणि तीन दिवस भावाशी एक शब्द बोलल्या नाहीत.

रविवारी मैदान भरून गेलं होतं. फादरने बॅटी-चेंडूंवर पवित्र पाणी शिंपडलं. ऊगो मोंताल्बान पांढऱ्या कपड्यात उभा राहून बोलला. माणूस वाईट नव्हता. घरात जे सांगितलं गेलं तेच तो सांगत होता: आजोबांना गरीब कामगारांची किती कळकळ, त्यांच्या अंगावर धड कपडे नव्हते तेव्हा आजोबांनीच कसे कपडे दिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत असे म्हातारे होते ज्यांना मोंताल्बानच्या पहारेकऱ्यांची काठी अजून पाठीवर आठवत होती. पण दिवे येणार होते ना!

"आणि आता," प्लिनिओ माइकवर म्हणाला, "आपल्या सगळ्यांच्या लाडक्या मिस आदिना तो ऐतिहासिक शर्ट घेऊन येताहेत."

मिस आदिना पायऱ्यांखालच्या दारातून आल्या. हातात ताट नव्हतं. निळ्या झग्यावर त्यांनी शर्ट अंगातच घातला होता, आतली बाजू बाहेर करून. सगळ्या शिवणी बाहेर, टाके बाहेर. त्या सरळ चालत होम प्लेटपर्यंत गेल्या आणि प्रेक्षकांकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"मिस आदिना, शर्ट उलटा झालाय!" वरून कुणीतरी हसत ओरडलं. हशा पिकला.

प्लिनिओ घाम पुसत धावला. "काढा, मिस आदिना, काढा तो, मी पाया पडतो..."

त्यांनी त्याच्या हातातला माइक घेतला.

"उलटा घातलाय ते मला कळतं. जन्मभर कपडेच धुतलेत मी. आपला संघ मागे पडला की तुम्ही टोपी उलटी करता ना? मी कधी केली नाही. आज करतेय. माझी आई शहात्तर वर्षं मागे आहे."

हसणं थांबलं.

"ही गोणी तोबायसच्या बेकरीतली आहे. दुकानाच्या गोणीवर निळं जहाज असायचं, हे इथल्या एकूण एक म्हाताऱ्याला माहितीये. हा शर्ट केझाया फिप्सने शिवला. मोंताल्बानने तो दिला नाही. त्याने तो नेला, आणि तिला चोर म्हटलं. आणि तुम्हीही म्हटलंत. हसून म्हटलंत. ज्याला खोटं वाटतं त्याने खाली येऊन बघावं. मी इथेच उभी आहे."

कुणी हललं नाही. ऊगो प्लिनिओकडे बघत होता, प्लिनिओ जमिनीकडे. ऊन डोक्यावर तापत होतं आणि मिस आदिना पाठ करून ताठ उभ्या होत्या. त्या जुन्या कापडाला घामाचा डाग पडेल एवढी एकच काळजी त्यांच्या मनात होती.

मग पायऱ्यांवरून एक माणूस खाली येऊ लागला. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. क्लेतोला खाली यायला बराच वेळ लागला. बहिणीच्या मागे येऊन त्याने खिशातून चष्मा काढला आणि लावला. तीन ओंब्यांवर बोट फिरवलं. मग उजव्या काखेतला तिकोनी तुकडा चाचपला. वडिलांचा तो गरगरा फिरणारा हात त्याने लहानपणी अंगणात शेकडो वेळा बघितला होता.

"आपल्या बाबांचा आहे," तो म्हणाला. मग अगदी हलक्या आवाजात, "मी किती वर्षं हसलो गं."

मिस आदिनांनी त्याला काही सूट दिली नाही. "पुष्कळ," त्या म्हणाल्या.

क्लेतोने डोक्यावरची भट्टीवाल्यांची टोपी काढली, अस्तर बाहेर ओढलं आणि पुन्हा घातली. पायऱ्यांवर आधी एका म्हाताऱ्याने तसं केलं, मग आणखी काहींनी. सगळ्यांनी नाही. ऊगो मोंताल्बान सामना सुरू व्हायच्या आधीच गाडीत बसून गेला. पाटी भिंतीला टेकून उभी होती, ती प्लिनिओने पालथी केली.

तिसऱ्या डावातच भट्टीवाले सहा-शून्यने पुढे गेले. लोकांनी टोप्या सरळ केल्या. बहिणीशेजारी बसलेल्या क्लेतोची टोपी मात्र तशीच होती. मागच्या बाकावरून प्लिनिओने त्याच्या खांद्यावर बोट टोचलं.

"अरे क्लेतो, आपण जिंकतोय. टोपी सरळ कर."

"आईच्या नावाची पाटी लाव," क्लेतो मागे न बघता म्हणाला, "मग करतो."